झोपेची तपासणी : त्या एका रात्री काय काय होतं?



या मालिकेत एरवी डॉक्टर बोलतात. मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे. बडोद्यातल्या एका रुग्णालयाच्या स्लीप लॅबमध्ये काम करते. लोक झोपायला येतात आणि मी शेजारच्या खोलीत रात्रभर जागी राहून त्यांची झोप बघते. सासरच्या एका आजींना हे कळल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "लोक झोपतात ते बघायचा पगार मिळतो होय गं तुला?" मिळतो. का मिळतो, तेच आज सांगणार आहे.

तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला डॉक्टरांनी "स्लीप स्टडी करून घ्या" असं सांगितलं असेल, तर हा भाग तुमच्यासाठी आहे. ती चिठ्ठी महिनोन् महिने खिशात घेऊन फिरणारे मी खूप पाहिलेत. कारण विचारलं तर बहुतेकांचं एकच असतं : "नव्या जागी, अंगाला वायरी लावून झोप येणारच नाही. पैसे फुकट जातील." या भीतीचं उत्तर आधी देते आणि मग संध्याकाळपासून सकाळपर्यंतची पूर्ण रात्र सांगते.

उत्तर असं : त्या रात्री तुम्हाला छान झोप लागायची गरज नाही. कमी, तुटक, वाईट, जशी येईल तशी झोप आम्हाला चालते. नव्या जागी पहिल्या रात्री झोप बिघडते हे आम्हाला ठाऊक असतं. त्याला 'पहिल्या रात्रीचा परिणाम' असं नावच आहे, आणि अहवाल वाचणारे डॉक्टर तो धरूनच वाचतात.

घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

आधी ही तपासणी कशासाठी ते बघू. झोपेचे आजार पुष्कळ आहेत, पण आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण एकाच शंकेसाठी येतात. ती म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, झोपेत श्वास अडणं.

जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात, त्यामुळे श्वासाची वाट उघडी राहते. झोपेत ते सैल पडतात. कुणाची मान जाड असते, कुणाची हनुवटी मागे असते, कुणाचे टॉन्सिल मोठे असतात, कुणाचं वजन वाढलेलं असतं. अशा माणसाची वाट आधीच अरुंद असते. ती आणखी अरुंद झाली की तिथून जाणारी हवा थरथरते, आणि त्याचाच आवाज म्हणजे घोरणं. वाट पूर्ण मिटली की आवाजही बंद होतो. छाती-पोट श्वास ओढायची धडपड करत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागतो. मग मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो, घसा उघडतो, मोठ्ठा घुरका येतो आणि गाडी पुन्हा सुरू होते. हे जागं होणं इतकं थोडं असतं, की सकाळी त्याची आठवणही राहत नाही.

म्हणून ज्याला हा आजार असतो तो शपथेवर सांगतो, "मी तर मस्त झोपतो." तो खोटं बोलत नसतो. त्याला कळायला मार्गच नसतो. कळतं ते शेजारी झोपणाऱ्याला.

आमच्या बाबांचं हेच होतं. आमचं घर दांडिया बाजारात, दोन खोल्यांचं. बाबा घोरायला लागले की आम्ही भावंडं हसायचो. पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो, की बाबांना काय कुंभकर्णासारखी झोप लागते! ते दुपारी पेपर वाचता वाचता डुलक्या घ्यायचे, सकाळी डोकं दुखतं म्हणायचे, रात्री तीन-तीनदा लघवीला उठायचे. रक्तदाबाच्या गोळ्या एकाच्या दोन, दोनाच्या तीन झाल्या होत्या. या चारही गोष्टी आम्ही चार वेगवेगळ्या कप्प्यांत टाकल्या होत्या. साठी गाठायच्या आधीच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात कायमचा अधू झाला.

तो घोरण्यामुळेच आला, असं मी म्हणणार नाही. त्यांना तंबाखूची सवय होती, वजन होतं, रक्तदाब होता. पण उपचार न केलेला स्लीप अ‍ॅप्निया रक्तदाब वाढवतो, आणि त्याचा पक्षाघाताशी संबंध आहे, हे आज वैद्यकशास्त्राला नीट ठाऊक आहे. आम्हाला तेव्हा "रात्री श्वास थांबतो का?" असं कुणी विचारलं नाही आणि आम्हीही कुणाला सांगितलं नाही. मी या कामात का आले, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे एवढंच कारण आहे.

येण्याआधीची तयारी

तपासणीच्या दिवशी डोक्यावरून शाम्पूने आंघोळ करा आणि त्यानंतर डोक्याला तेल लावू नका. हे मी दोनदा सांगते, कारण "शांत झोप लागावी" म्हणून चांगलं खोबरेल थापून पाठवणाऱ्या आया आणि बायका आपल्याकडे आहेत. तेलावर वायर टिकत नाही. चेहऱ्याला, पायांना क्रीमही नको.

एका तरी बोटाच्या नखाचं नेलपॉलिश काढून या. बोटाला लावायचा चिमटा नखातून आरपार जाणाऱ्या प्रकाशावर ऑक्सिजन मोजतो. गडद मेंदी असेल तर आधी सांगा, दुसरी जागा शोधता येते.

दुपारनंतर चहा-कॉफी नको. दुपारची झोप नको. त्या दिवशी दारू नको, कारण दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. रोजच्या गोळ्या मात्र रोजच्यासारख्या घ्या आणि त्यांची यादी बरोबर आणा. झोपेची गोळी घेत असाल तर ती घ्यायची की नाही, हे तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि नव्याने सुरूही करू नका. सर्दी-ताप असेल तर फोन करून तारीख पुढे घ्या.

कपडे दोन भागांचे आणि सैल असावेत : पुढे बटणं असलेला सदरा आणि पायजमा, किंवा कुर्ता-सलवार. गाऊन किंवा साडी अडचणीची होते, कारण पायांपासून छातीपर्यंत वायरी न्यायच्या असतात. गळ्यातलं, कानातलं घरी ठेवून या. स्वतःची उशी आणली तरी चालते. मी तर आणाच म्हणते.

बायकांनी एक गोष्ट आधी फोनवर विचारून घ्यावी : त्या रात्री टेक्निशियन बाई असेल का, आणि घरचं माणूस सोबत राहू शकेल का. विचारायला लाजू नका. ठिकठिकाणचे नियम वेगळे असतात. खर्च किती, विमा कंपनी तो देते का, हेही त्याच फोनवर विचारा.

वायरी लावताना

तुम्ही साधारण आठ-नऊच्या सुमाराला, घरचं जेवण करून येता. खोलीत साधा पलंग, मंद दिवा, शेजारी स्वच्छतागृह. आधी काही फॉर्म भरायचे. त्यातला एक जगभर वापरला जातो. तो ऑस्ट्रेलियातले डॉक्टर मरे जॉन्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. त्यात आठ प्रसंग दिलेले असतात : वाचत बसलात, टीव्ही बघताय, गाडीत तासभर मागे बसलात, सिग्नलला गाडी थांबली वगैरे. अशा वेळी डुलकी लागण्याची शक्यता किती, त्याला शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण २४ पैकी १० च्या वर गुण गेले तर दिवसाची झोप जास्त आहे असं समजतात. हा फॉर्म बायकोसमोर भरा. आमच्याकडे पुष्कळांचे गुण बायकोने जागच्या जागी दुरुस्त केलेत.

मग वायरी. पाऊण तास ते तासभर लागतो. मी प्रत्येक जागा खरखरीत जेलने थोडी घासते, मग चिकट पेस्ट लावून छोटी चकती बसवते. सुई नाही, टोचणं नाही, केस कापणं नाही.

इथे बहुतेक जण हळूच विचारतात, "ताई, करंट तर नाही ना बसणार?" नाही. या वायरींमधून तुमच्या अंगात काहीही जात नाही. तुमच्या मेंदूत आणि स्नायूंत जी अगदी बारीक वीज आधीच असते, ती त्या फक्त टिपतात. माणसाच्या मेंदूतली ही वीज पहिल्यांदा टिपली ती हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी, १९२४ साली. आमचं सगळं काम त्याच पायावर उभं आहे.

कुठली वायर कशासाठी, ते ऐकून ठेवा. कळलं की भीती निम्मी होते.

डोक्यावरच्या वायरी मेंदूच्या लहरी टिपतात. तुम्ही खरंच झोपलात का आणि किती गाढ, हे त्यावरूनच कळतं. डोळ्यांच्या बाजूच्या दोन वायरी बुबुळांची हालचाल बघतात. हनुवटीवरच्या वायरी स्नायू ताठ आहेत की सैल, ते सांगतात. छातीवर ईसीजीच्या. पायांच्या नडग्यांवर दोन-दोन, कारण काहींचे पाय झोपेत सारखे झटके देतात आणि त्यानेही झोप मोडते. नाकाशी एक बारीक नळी आणि एक तापमान टिपणारी तार, हवा आत-बाहेर जाते का ते बघायला. छातीला आणि पोटाला एकेक लवचीक पट्टा. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. घोरणं ऐकायला गळ्याशी एक लहान सेन्सर.

पट्टे आणि नाकाची नळी यांची जोडी महत्त्वाची. नळी सांगते की हवा थांबली, आणि पट्टे सांगतात की छाती-पोट धडपडतंय. मग अडथळा घशात आहे. हवाही थांबली आणि पट्टेही स्तब्ध, तर मेंदूकडून श्वासाचा हुकूमच सुटत नाहीये. हा वेगळा प्रकार, त्याचे उपचारही वेगळे.

सगळ्या वायरी एका लहान डबीत जोडलेल्या असतात. रात्री लघवीला जायचं असेल तर नुसती हाक मारा. खोलीत माइक असतो. मी येते, डबी सोडवून हातात देते, तुम्ही जाऊन या. कुणाला त्रास नको म्हणून रात्रभर दाबून पडू नका. तुम्ही किती वेळा उठता, हीदेखील आमच्यासाठी माहितीच आहे.

कॅमेऱ्याबद्दल स्पष्ट सांगते. पलंगावर कॅमेरा असतो आणि तो अंधारातही बघतो. तुम्ही उताणे आहात की कुशीवर, हातपाय कसे हलतात, कुणी स्वप्नात उठून मारामारी करतं का, हे त्यावरून कळतं. स्वच्छतागृहात कॅमेरा नसतो. चित्रण तुमच्या वैद्यकीय कागदपत्रांचा भाग असतं. ते कोण बघतं, किती दिवस ठेवतात, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दिवा मालवल्यावर

तुम्ही आडवे झालात की मी शेजारच्या खोलीतून माइकवर बोलते. डोळे उघडा. मिटा. मान न हलवता डावीकडे बघा, उजवीकडे बघा. दात दाबा. उजवा पाय हलवा. दहा सेकंद श्वास रोखा. लोकांना वाटतं परीक्षा चाललीय. परीक्षा वायरींची असते. प्रत्येक हालचाल माझ्या पडद्यावर उमटते की नाही, ते बघायचं असतं. मग "शुभ रात्री" म्हणून दिवा मालवते.

यानंतर तुमचं काम संपलं. माझं सुरू होतं.

पडद्यावर तुमची झोप तीस-तीस सेकंदांच्या पानांवर लिहिली जाते. साडेसात तासांची नऊशे पानं. सुरुवातीची हलकी झोप, मग मधली, मग गाढ, आणि मग स्वप्नांची झोप. या स्वप्नाच्या झोपेत बुबुळं मिटल्या पापण्यांखाली भराभर फिरतात. शिकागो विद्यापीठात अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली ती जगापुढे मांडली. दीडेक तासाचा असा एक फेरा, रात्रीत चार-पाच फेरे. स्वप्नाचा भाग पहाटेकडे लांबत जातो.

आता माझी एक विनंती ऐका. पहाटे तीनला "झालं ना आता, घरी जाऊ?" असं काही जण विचारतात. जाऊ नका. स्वप्नाच्या झोपेत अंगाचे स्नायू जवळजवळ पूर्ण सैल पडतात, घशाचेही. ज्याचा श्वास अडतो, त्याचा तेव्हा सर्वांत जास्त अडतो. ही झोप पहाटेच जास्त असते. तीनला उठून गेलात तर जे बघायला आलात तेच सुटेल. अशाच कारणाने मी मध्येच "थोडा वेळ उताणे झोपता का?" असंही म्हणेन. उताणं झोपल्यावर जीभ मागे पडते आणि पुष्कळांचा आजार त्याच स्थितीत दिसतो.

मी रात्री खोलीत आले तर घाबरू नका. बहुतेक वेळा एखादी वायर सुटलेली असते. कधी दुसरं कारण असतं : पहिल्या काही तासांतच श्वास फार वेळा अडतोय असं दिसलं, आणि डॉक्टरांनी आधी तसं लिहून ठेवलं असेल, तर उरलेल्या रात्रीसाठी नाकावर मास्क लावून सीपॅप यंत्र सुरू करतात. हे यंत्र ऑक्सिजन देत नाही. ते साधी खोलीतलीच हवा हलक्या दाबाने घशात सोडतं, आणि त्या दाबाने वाट मिटत नाही. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी ही युक्ती १९८१ साली प्रसिद्ध केली. मला शेजारून दाब हळूहळू वाढवत, घोरणं आणि अडणं कुठे थांबतं ते शोधायचं असतं. पहिली पाच-दहा मिनिटं गुदमरल्यासारखं वाटतं. नको वाटलं तर सांगा, मास्क लगेच काढता येतो.

"ताई, मी झोपलोच नाही"

एका काकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. ते बस चालवायचे. तपासणीला त्यांच्या मुलीने जवळजवळ ओढून आणलं होतं. तिने त्यांच्या घोरण्याचं मोबाइलवर चित्रण केलं होतं. काकांची भीती वेगळीच होती. रिपोर्ट वाईट आला तर मालक गाडी काढून घेईल, मग घर कसं चालवायचं? वायरी लावताना ते मला म्हणाले, "तुम्ही काही लिहिलं नाही तर नाही का चालणार?"

मी म्हटलं, "काका, यंत्र लिहितं. मी फक्त बघते. पण एक सांगा, गाडी चालवताना कधी डोळा लागलाय का?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोनदा. देवाने वाचवलं." मुलगी दाराशी उभी होती. तिला हे माहीत नव्हतं.

सकाळी सहाला मी वायरी काढायला गेले तर काका वैतागलेले. "पैसे पाण्यात गेले, ताई. एक मिनिट डोळा लागला नाही." पण मी रात्रभर पडदा पाहिला होता. ते सुमारे पाच तास झोपले होते. झोप इतकी तुकड्या-तुकड्यांत होती, की त्यांना ती झोप वाटलीच नव्हती. त्या पाच तासांत त्यांचा श्वास २०५ वेळा अडला होता. तासाला ४१. प्रत्येक वेळ सरासरी २५ सेकंदांची धरली तर जवळपास ८५ मिनिटं होतात.

तेव्हा मी त्यांना यातलं काहीच सांगितलं नाही. हेही लक्षात ठेवा. सकाळी टेक्निशियनला "काय निघालं?" असं विचारलं तर ती "डॉक्टर सांगतील" एवढंच म्हणेल. ती लपवत नसते. नऊशे पानं एकेक करून तपासायची असतात, मग डॉक्टर ती वाचतात, तुमच्या तक्रारींशी ताडून बघतात. याला काही दिवस लागतात. किती, ते निघताना विचारून घ्या.

वायरी काढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. केसांत पेस्ट राहते, ती कोमट पाण्याने आणि शाम्पूने निघते. कामावर गेलात तरी चालतं, पण झोप कमी झाली असेल तर स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका.

अहवाल हातात आल्यावर

अहवाल पाच-सहा पानांचा असतो, पण घरच्यांनी तीन-चार आकडे तरी ओळखावेत.

पहिला आणि मुख्य आकडा म्हणजे एएचआय. झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा अर्धवट झाला, तो आकडा. निदान दहा सेकंदांचा खंड असेल तरच तो मोजतात. मोठ्या माणसांत पाचपेक्षा कमी म्हणजे ठीक. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि त्यापुढे तीव्र. मुलांसाठी मोजमाप वेगळं आणि बरंच कडक असतं, ते या आकड्यांवरून ठरवू नका.

दुसरा, ऑक्सिजन किती खाली गेला आणि ९० टक्क्यांच्या खाली किती वेळ राहिला. एएचआय सारखा असलेल्या दोघांत ज्याचा ऑक्सिजन जास्त उतरतो त्याची काळजी जास्त.

तिसरा, उताणे असतानाचा आणि कुशीवर असतानाचा आकडा. काहींचा कुशीवर एकदम कमी होतो. त्यांच्यासाठी कुशीवर झोपायची सवय हाही उपचाराचा भाग ठरतो.

चौथा, स्वप्नाच्या झोपेतला आकडा. विशेषतः बायकांत एकूण आकडा मध्यम दिसतो आणि या झोपेतला मोठा असतो. बायकांचं घोरणं घरात कुणी बोलून दाखवत नाही. त्या थकवा, झोप न येणं, चिडचिड अशा तक्रारी सांगतात आणि त्यांना "घरकामाचा शीण असेल" असं सांगून परत पाठवलं जातं. पाळी गेल्यानंतर हा आजार बायकांत वाढतो, हे लक्षात असू द्या.

उपचार आकड्यावरून आणि माणसावरून ठरतात : वजन कमी करणं, दारू सोडणं, जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी, सीपॅप, काहींना शस्त्रक्रिया. ते डॉक्टरांचं क्षेत्र, मी त्यात शिरत नाही.

पुष्कळ जण विचारतात, "हे घरी नाही का होत?" होतं. घरी न्यायचं छोटं यंत्र मिळतं. त्यात साधारणपणे नाकाची नळी, पट्टा आणि बोटाचा चिमटा असतो. लक्षणं ठळक असतील आणि हृदयाचे, फुप्फुसांचे मोठे आजार नसतील तर डॉक्टर तेही सुचवतात. फरक एवढाच, की त्यातल्या बहुतेक यंत्रांना मेंदूच्या लहरी दिसत नाहीत. तुम्ही जागे पडून होतात तो वेळही झोपेत धरला जातो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. म्हणून घरची तपासणी ठीक आली आणि तक्रारी तशाच राहिल्या, तर विषय तिथे सोडू नका.

दुसरी रात्र

बसवाले काका महिनाभराने दुसऱ्या रात्रीसाठी आले, सीपॅपचा दाब ठरवायला. तोवर डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली होती. मालकाशी मुलगीच बोलली होती आणि त्याने त्यांना तात्पुरतं डेपोत काम दिलं होतं. सगळ्यांना असा मालक मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण पन्नास माणसं मागे बसलेली असताना डोळा लागणं, यापेक्षा ती बोलणी सोपी होती.

त्या रात्री मास्क बसल्यावर दीडेक वाजता पडद्यावरच्या रेषा शांत झाल्या. नंतर स्वप्नाची झोप सुरू झाली ती थांबेचना. वर्षानुवर्षं तुटलेली ही झोप शरीर पहिल्या संधीला भरून काढतं, हे आम्ही नेहमी बघतो. सकाळी काका पलंगावर बसून होते. म्हणाले, "ताई, किती वर्षांनी स्वप्न पडलं. आमच्या गावच्या विहिरीवर होतो."

हे मी घरी आईला सांगितलं. त्याआधी तिने माझ्या कामाबद्दल कधी फारसं विचारलं नव्हतं. श्वास थांबतो तेव्हा आम्ही सेकंद मोजतो, असं म्हटल्यावर ती म्हणाली, "मीही मोजायचे की. यांचा श्वास थांबला की मनात आकडे म्हणायचे. वीसपर्यंत आला तर बरं. पंचविसाच्या पुढे गेला की हलवायचे, अहो, कुशीवर व्हा. मग झोपायचे."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"नवरा घोरतो ही काय डॉक्टरांकडे न्यायची तक्रार आहे का गं?"

आहे. एवढंच आज मला तुम्हाला सांगायचं होतं. तुमच्या घरात कुणी घोरत असेल आणि मध्येच आवाज थांबून मग घुरका येत असेल, तर आज रात्री मोबाइलवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा. त्या माणसाला दुपारी किती डुलक्या लागतात, सकाळी डोकं दुखतं का, रात्री किती वेळा उठतात, रक्तदाबाच्या गोळ्या किती चालू आहेत, हे एका कागदावर लिहा. दोन्ही घेऊन छातीच्या, कान-नाक-घशाच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. आणि तो माणूस गाडी चालवत असेल तर थांबू नका, याच आठवड्यात जा.

तपासणी ठरली तर तेल न लावता या. बाकीचं आम्ही बघतो.

नमस्कार.